लेक बोलत नाही. हे दुःख कुणाला सांगू?

प्रश्न : मी नेरूळला राहते. वय ६४. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. यजमान २०१९ मध्ये गेले. एकुलती एक मुलगी ३६ वर्षांची असून ती घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला जावई आणि सहा वर्षांच्या नातवासह राहते. गेल्या दिवाळीत पाडव्याला सगळे माझ्याकडे जेवायला होते. नातवाचे अक्षर पाहून मी जावई आणि विहीणबाई यांच्यासमोर म्हणाले, ‘आईला ऑफिसातून सवड मिळाली तर मुलाकडे बघेल ना!’ मुलगी तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘आई, आयुष्यभर तू माझ्या चुकाच काढल्यास. तुझ्याशी बोलल्यावर मला दोन-दोन रात्री झोप लागत नाही. आता काही दिवस मला फोन करू नकोस,’ एवढे बोलून तिने फोन ठेवला.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’, ‘बरं’, ‘ठीक’ याच्यापलीकडे उत्तर नाही. डोंबिवलीच्या माझ्या बहिणीने तिला समजावायचा प्रयत्न केला, तर तिने मावशीचाही फोन घेणे बंद केले. होळीला पुरणपोळ्या केल्या आणि डबा घेऊन ठाण्याची गाडी पकडली, तिथून बसने तिच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर गेले. सुरक्षारक्षकाने वर फोन लावला आणि म्हणाला, ‘मॅडम बोल रही हैं, घर पे कोई नहीं है, डिब्बा इधरही रख दो।’ मॅडम बोलत होत्या आणि घरी कोणी नव्हते! डबा ठेवून रस्ता ओलांडला आणि वर पाहिले, तर नातू गॅलरीत उभा होता. मे महिन्यात त्याच्या वाढदिवसाचे फोटो मी फेसबुकवर पाहिले. हॉल भरलेला होता, विहीणबाई पुढेच होत्या. मला निरोपसुद्धा नव्हता.

तिच्या एमबीएची फी, लग्नाचे दागिने, बाळंतपण, सगळे मी एकटीच्या बळावर केले. पोटच्या मुलीने आईशी असे वागताच कामा नये. रात्री दोन-तीनला जाग येते, जेवण जात नाही, आणि कधी कधी वाटते की आता जगायचे तरी कुणासाठी. माझे नेमके काय चुकले? मृत्युपत्रात बदल करावा, असेही मनात येऊ लागले आहे. मी काय करू?

उत्तर : गेटवर जे घडले ते कोणत्याही आईच्या जिव्हारी लागेल असेच आहे, हे आधी स्पष्टपणे म्हणू या. अशा वेळी आजूबाजूची माणसे एक तर ‘सोडून द्या हो, आजकालची मुलं अशीच’ म्हणतात, नाही तर ‘तुमचंही काहीतरी चुकलं असेल’ म्हणतात, आणि ज्याला लागले आहे त्याचे ऐकून घेणे मात्र राहूनच जाते. पत्रात तुम्ही थेट लिहिलेले नाही, पण त्या प्रसंगात दुखावण्याबरोबर अपमानही आहे. एका परक्या माणसासमोर मुलीने आईला ओळख दिली नाही, याचा. हे दोन वेगळे काढून पाहिले तर बरे, कारण अपमानाचा मोठा भाग ‘लोक काय म्हणतील’ यातून येतो आणि तो तुलनेने लवकर ओसरतो. तो सुरक्षारक्षक तो प्रसंग संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. ‘लेक काय म्हणते?’ असे शेजारणीने विचारले, तर ‘बरी आहे, तिच्या व्यापात आहे’ एवढे पुरे. ते खोटे नाही, आणि त्यापुढचे सांगण्यास तुम्ही कुणाला बांधील नाही.

दुखावणे मात्र इतक्या लवकर ओसरणारे नाही. यजमान गेले तेव्हा तेरा दिवस घरात माणसांचा राबता असेल, कुणी पिठलंभात आणून दिला असेल, कुणी नुसतेच शेजारी बसून राहिले असेल. जिवंत लेक दुरावली तर भेटायला कुणी येत नाही, कारण ती दुरावली हे सांगायचीच चोरी असते. अमेरिकेतील कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत घरच्यांचे दुःख वर्षानुवर्षे थिजून राहते, असे त्यांना दिसले. पुढे त्यांनी हाच विचार, माणूस हयात आहे पण मनाने हाताशी नाही, अशा घरांनाही लावला. रात्री दोनला येणारी जाग, फोन वाजला की होणारी धडधड, फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहणे हे सगळे त्या दुःखाचेच भाग आहेत. म्हणून या दुःखाला दुःख म्हणण्याची परवानगी स्वतःला द्या. आईने रडू नये, ‘मोठ्या मनाने’ विसरावे, असे सांगणाऱ्यांकडे सध्या दुर्लक्ष करा.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो : ‘पोटच्या मुलीने आईशी असे वागताच कामा नये.’ अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली. त्या पद्धतीचा सारा भर अशा वाक्यांवर आहे. घटनेमुळे दुःख होते हे खरे, परंतु त्या दुःखाचे रूपांतर झोप उडवणाऱ्या यातनेत होते ते घटनेबद्दलच्या आपल्या हट्टामुळे, असे ही पद्धत सांगते. ‘तिने असे वागू नये, असे मला मनापासून वाटते’ ही इच्छा झाली. ‘तिने असे वागताच कामा नये’ हा हट्ट झाला, आणि तो वास्तवाशी रोज भांडत राहतो, कारण ती तशी वागते आहे. इच्छा सोडा असे मी म्हणत नाही. आईने ती सोडावी असे मला वाटतही नाही. पण ‘मला हे अजिबात आवडलेले नाही, तरीही आजचा दिवस मी नीट घालवू शकते,’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या आठवड्यात ते खोटे वाटेल. वाटू द्या.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की तुमच्यापुढे दोन वेगळी कामे आहेत आणि तुम्ही ती एकत्र बांधली आहेत. दुखावलेल्या मनाची काळजी घेणे हे एक, आणि नाते सांधणे हे दुसरे. नाते सांधायला दोघी लागतात, आणि त्याला वर्षही लागेल किंवा त्याहून अधिक. मनाची काळजी मात्र तुम्हाला आजपासून घेता येते, आणि तिच्यासाठीही तुम्ही लेकीच्या फोनची वाट पाहत आहात. ज्याच्या हातून लागले त्यानेच फुंकर घालावी, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ती सध्या ते करण्याच्या मनःस्थितीत नाही. तोवर तुमचे मन तसेच उघडे ठेवून चालणार नाही.

‘माझे नेमके काय चुकले?’ असे तुम्ही विचारले आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही, कारण मुलीने ते सांगितले आहे. ‘दोन-दोन रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य तुम्ही आरोप म्हणून ऐकले. ते माहिती म्हणून पुन्हा ऐका. आज तुम्ही रात्री दोनला जाग्या होता, तशीच ती तुमच्या फोननंतर होत होती. तुम्ही पत्रासोबत व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाची छायाचित्रे पाठवली आहेत. त्यात तिने पाडव्याच्या सकाळी ‘शुभ दिपावली आई’ असे लिहिले आहे आणि तुमचे उत्तर एकच शब्दाचे आहे : ‘दीपावली.’ ते वाचल्यावर तिच्या तक्रारीचा अंदाज येतो. वर्गात चाळीस मुलांच्या वह्या तपासताना जी नजर लागते ती वर्षानुवर्षांच्या सरावाने घरीही येते, त्यामागे प्रेम नसते असे मुळीच नाही, परंतु छत्तीस वर्षांच्या मुलीला, सासूच्या आणि नवऱ्याच्या देखत, तिच्या आईपणाचे गुण मिळाले तर ते कितीही प्रेमाने दिलेले असोत, लागणारच.

याचा अर्थ तुम्ही वाईट आई होतात असा नाही. तुमच्या आठवणीत एकटीने फी भरणारी आई आहे आणि तिच्या आठवणीत प्रगतिपुस्तकातले कमी गुण आधी पाहणारी आई आहे. या दोन्ही आठवणी एकाच घरातल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. कुणाची आठवण बरोबर, यावर वाद घालायला गेलात तर तुम्ही जिंकालही, आणि लेक आणखी लांब जाईल. फी, दागिने, बाळंतपण यांची यादी तर तिच्यापुढे कधीही ठेवू नका. केलेल्याची आठवण करून दिली की ते कर्ज होऊन बसते, आणि मग मूल घरी आलेच तर परतफेड म्हणून येते. असे येणे तुम्हाला नको आहे.

तिला एक पत्र लिहा. हाताने लिहा, टपालाने पाठवा, आणि ते अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. उदाहरणार्थ : ‘पाडव्याला सर्वांसमोर मी तुझ्याबद्दल जे बोलले ते चुकीचे होते, त्यात तुझा अपमान झाला. मी तुझ्या चुका जास्त दाखवल्या आणि कौतुक कमी केले, हे तू सांगितलेस ते मी ऐकले आहे आणि त्यावर विचार करते आहे. मला वाईट वाटते. तुला हवा तेवढा वेळ घे, उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.’ यात होळीचा डबा नाही, वाढदिवस नाही, तुमची उडालेली झोप नाही. त्या गोष्टी क्षुल्लक आहेत म्हणून त्या गाळलेल्या नाहीत. त्या बोलण्याची वेळ पुढे येईल, आणि एकाच पत्रात माफी आणि तक्रार दोन्ही घातल्या की वाचणाऱ्याच्या लक्षात तक्रारच राहते. शेवटी ‘पण तूही आईच्या जागी राहून विचार कर’ असे एक वाक्य जोडण्याचा मोह होईल. जवळजवळ सगळ्यांना होतो. ते वाक्य लिहिलेत तर पत्र पाठवू नका. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ हेही नको. तिला वाईट वाटले आहे, हे तिने सांगितलेले आहे.

पत्रानंतर वाट पाहायची, आणि हा भाग सर्वांत कठीण आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा साधा निरोप पाठवायला हरकत नाही, ज्यात प्रश्न नसेल आणि टोमणाही नसेल. न कळवता गेटवर जाणे मात्र पूर्णपणे थांबवा. फोन नको म्हणालेल्या मुलीच्या दारात डबा घेऊन उभे राहणे हे तुमच्या दृष्टीने प्रेम आहे, पण तिच्या दृष्टीने तिचे ‘नको’ पुन्हा एकदा न ऐकणे आहे. बहिणीलाही सांगा की या विषयात आता काही बोलू नकोस. मावशी, आत्या, शेजारच्या काकू यांनी मध्ये पडून समेट घडवल्याची उदाहरणे आहेत, परंतु निरोप तीन तोंडांतून गेला की त्यात प्रत्येकाच्या पदरची भर पडते आणि जिला तो पोहोचतो तिला वाटते, आईने माझी गावभर शोभा केली. नातवाला वाढदिवसाला पुस्तक किंवा खेळणे पाठवायचे तर कुरिअरने जरूर पाठवा, आत ‘आजीकडून’ एवढेच लिहा, आणि त्याच्याकडून आईविषयी काही काढून घेण्याचा विचारही मनात आणू नका. फेसबुकवर तिचे खाते काही महिने समोर येणार नाही अशी व्यवस्था करता येते. मैत्री तोडावी लागत नाही. रात्री अकराला ते फोटो पाहून कुणाचेच भले होत नाही.

राहिलेला राग कुठे ठेवायचा, असा प्रश्न उरतोच. पाठवायचे नसलेले दुसरे पत्र लिहा, आणि त्यात जे जे मनात आहे ते शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहा, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटे, स्वतःच्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावले होते. लिहून झाल्याबरोबर त्यांचे मन अधिक जड झाले, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी जावे लागले. म्हणून लिहिल्यावर रडू आले तर घाबरू नका, आणि रात्री झोपण्यापूर्वी लिहू नका. सकाळी लिहा आणि मग बाहेर पडा.

तुमच्या पत्रातले ‘जगायचे तरी कुणासाठी’ हे वाक्य मी ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल आणि असे विचार येत असतील, तर त्याला नैराश्य म्हणून तपासून घेणे आवश्यक आहे, मग त्याचे कारण कितीही ‘घरगुती’ असो. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था १९९० पासून काम करते आहे. नेरूळहून थेट लोकल आहे. मरणाचा विचार नुसता येऊन न जाता ठाण मांडू लागला, तर त्याच क्षणी फोन करा आणि त्या रात्री एकट्या राहू नका, बहिणीला बोलावून घ्या. यासाठी बहीण हवीच.

मृत्युपत्राला मात्र सध्या हात लावू नका. ते हयातीत केव्हाही बदलता येते, त्यामुळे घाई करण्याचे काही कारण नाही. आणि रागात केलेला बदल मुलीला तुमच्या पश्चात कळेल, जेव्हा दोघींनाही एकमेकींना काही सांगता येणार नाही.

प्रश्न : वय ७१, ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. २०२१ मध्ये राहता फ्लॅट मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून दिला. आम्ही सर्व एकत्रच राहतो. जेवणखाण, औषधे व्यवस्थित आहेत, पण मुलगा माझ्याशी सरळ बोलत नाही. काही विचारले तर ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणतो. मित्र म्हणतात, ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करून फ्लॅट परत घ्या, म्हणजे त्याची अक्कल ठिकाणावर येईल. करावा का?

उत्तर : आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ मध्ये अशी तरतूद आहे खरी. साठ वर्षांवरील व्यक्तीने मूलभूत सोयी आणि गरजा पुरवल्या जातील या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात ही अट असणे आवश्यक आहे असे म्हटले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याचा हेतू लक्षात घेऊन तरतुदीचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हटले. म्हणजे तुमच्या बक्षीसपत्रात नेमके काय लिहिले आहे, हे आधी पाहायला हवे. महाराष्ट्रात मुलाला राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), त्यामुळे अनेक जण छापील मसुद्यावर सही करून मोकळे होतात आणि सांभाळाची अट घालायचे राहूनच जाते.

पण तुमच्या पत्रात जेवण, औषध, निवारा यांपैकी कशाचीही तक्रार नाही. कायदा छप्पर देऊ शकतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देऊ शकतो. मुलाने वडिलांशी गोड बोलावे, असा आदेश कुणी काढू शकत नाही. मित्रांचा सल्ला अक्कल ठिकाणावर आणण्याचा आहे, आणि न्यायाधिकरणाची नोटीस घरी आल्यावर त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर तुम्हाला रोज बसायचे आहे. मला हा सल्ला पटत नाही. तुमचे दुःख खरे आहे, पण त्यावर हे औषध नाही.

त्याऐवजी एखाद्या रविवारी, सून आणि नातवंडे बाहेर गेलेली असताना, मुलाला एकच गोष्ट सांगा : ‘तू “तुम्हाला काय करायचंय” म्हणतोस तेव्हा मला या घरात परका झाल्यासारखे वाटते.’ उदाहरणे मोजू नका, फ्लॅटचा उल्लेख करू नका. आणि त्याला विचारा की माझ्या कोणत्या विचारण्याने तुला त्रास होतो. निवृत्तीनंतर अनेक वडील दिवसभर घरात असतात, आणि कुठे गेला होतास, किती खर्च केलास, गाडी कधी धुणार, हे काळजीने विचारतात; पन्नाशीकडे झुकलेल्या मुलाला ती हजेरी वाटते. असे काही आहे का, हे तोच सांगेल.

जेवण किंवा औषध बंद झाले, हात उचलला गेला, घराबाहेर काढण्याची भाषा सुरू झाली, तर वरचे सगळे बाजूला ठेवा. तेव्हा संकोच न करता १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर मार्गदर्शन घ्या आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. निर्वाहभत्त्याच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत लागावा, अशी कायद्यात तरतूद आहे. बक्षीसपत्राची नोंदणीकृत प्रत तुमच्याजवळ नसेल तर ती दुय्यम निबंधक कार्यालयातून आताच काढून ठेवा. ती काढली, हे मुलाला सांगितलेच पाहिजे असे नाही.